शेषगिरी मेष्ट्रूंची शेगडी

शेषगिरी मेष्ट्रूंना कुठल्याही यंत्राबद्दल दोनच गोष्टी कळून घ्यायच्या असत. व्होल्ट किती आणि अँपिअर किती. एवढं कळलं की बाकीचं ते तोंडी सांगत. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, झालं. देवाने विजेचं शास्त्र इतकं सोपं करून ठेवलेलं असताना पोरं नापास कशी होतात, हे कोडं त्यांना नोकरीच्या तीस वर्षांत सुटलं नव्हतं.

ही नोकरी बंगळुरातल्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, डेमॉन्स्ट्रेटरची. प्रोफेसर वर्गात फळ्यावर जे सांगतात ते खाली टेबलावर खरं करून दाखवायचं, हे त्यांचं काम, म्हणून कन्नडात मेष्ट्रू, म्हणजे मास्तर. दरवर्षी नवी पोरं येत आणि त्यातला एखादा तरी शहाणा अँमीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडून काटा वाकवून ठेवी. "अँमीटर रांगेत, व्होल्टमीटर आडवा," हे वाक्य मेष्ट्रूंनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की एका सत्यनारायणाला भटजींनी गोत्र विचारलं तेव्हा तेच तोंडातून निघता निघता राहिलं.

माणसंही ते याच हिशेबाने बघत. कॉलेजच्या प्राचार्यांबद्दल ते खाजगीत म्हणत की व्होल्टेज भरपूर, करंट नाही. ते राहत त्या वठाराचे, म्हणजे चाळवजा वाड्याचे, मालक आप्पाजी यांच्याबद्दल त्यांचं मत होतं की रोध फार, भिंतीला पांढरी माती लावून मागितली तरी वर्ष जातं. स्वतःबद्दल मात्र त्यांनी कधी गणित मांडलं नव्हतं. तशी पद्धत नसते.

मूळचे ते बळ्ळारीकडचे. घरात मराठी, रस्त्यात कन्नड, अशा घरातले. बंगळुरात शिकायला आले तेव्हा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवारचं घर होतं एका पोस्टमास्तरांचं, आणि तिथे वाढायला त्यांची मुलगी भाग्यलक्ष्मी असे. हा लुकडा विद्यार्थी जेवता जेवता असा काही बोलायचा, विजेच्या, चुंबकाच्या, प्रयोगशाळेतल्या फजितीच्या गोष्टी अशा रंगवून सांगायचा, की वाढणारीच्या हातात आमटीचं पळं तसंच राहायचं. तीन वर्षं गुरुवार गुरुवार करत गेली आणि पुढे सातही वार तिच्याच हातचं जेवायचं दोन्हीकडून ठरलं.

लग्न झालं, आणि बोलणं आटलं. भांडण वगैरे काही नाही. दिवसभर पोरांपुढे बोलून बोलून मेष्ट्रूंचा घसा बसे, घरी येऊन ते पेपरात डोकं घालत आणि "हं" या एका अक्षरावर संध्याकाळ काढत. मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन हुबळीला गेली. तरी "हं" होतंच.

अपवाद एकच होता, तो म्हणजे शेगडी.

चिकपेटेत साड्यांच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत आप्पाजींचं वठार होतं. मध्ये अंगण, अंगणात नळ, भोवती पाच बिऱ्हाडं. मीटर सगळ्यांचा एक, फ्यूजही एक, दिंडी-दरवाजाच्या आतल्या भिंतीवर. त्यातलं कोपऱ्यातलं घर मेष्ट्रूंचं. स्वयंपाकघरात गॅस होता, पण सिलिंडर जपून वापरायचा असल्यामुळे सकाळची कॉफी, आंघोळीचं पाणी आणि सणाच्या होळिग्या, म्हणजे पुरणपोळ्या, हे सगळं विजेच्या शेगडीवर. पत्र्याच्या बैठकीवर मातीची तबकडी, तबकडीत नागमोडी खोबण, खोबणीत कॉइल. बैठकीवर हजार वॅट असं छापलेलं. लग्नानंतर काही वर्षांनी मेष्ट्रूंनी स्वतः निवडून आणलेली ती वस्तू होती.

कॉइल अधूनमधून तुटे. टप्प असा आवाज, एक ठिणगी, आणि लाल झालेली तबकडी काळी पडत जाई. इतर घरांत अशा वेळी नवी कॉइल आणत. मेष्ट्रूंना ती उधळपट्टी वाटे. एवढ्या लांब तारेत एका ठिकाणी जळलं म्हणून सगळी फेकायची? ते पक्कड घेऊन स्वयंपाकघरात पाटावर बसत. जळकं टोक कापत, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून घट्ट पिळत, उरलेली कॉइल हलक्या हाताने ताणून खोबणीभर पसरत. हे काम तासाभराचं असे. आणि या तासाभरात, हात कामात गुंतल्यामुळे असेल, त्यांची जीभ सुटे. कुणी काटा वाकवला, कुणी व्होल्टमीटर रांगेत लावून दिवा का लागत नाही म्हणून रडलं, प्राचार्य दिवा बघायला आले तेव्हा नेमका कसा उडाला, सगळं. भाग्यलक्ष्मी समोर बसून शेंगा सोलत ऐके आणि पदर तोंडाला लावून हसे.

दुरुस्तीनंतर शेगडी आधीपेक्षा जास्त लाल होई. पाणी लवकर उकळे. भाग्यलक्ष्मी शेजारणींना सांगे की आमच्या शेगडीला यांचा हात लागला की ती नव्याहून बरी चालते. मेष्ट्रू पेपराआडून ते ऐकत आणि खूश होत. प्रयोगशाळा असती तर एखाद्या पोराने इथे हात वर करून विचारलं असतं की सर, असं का होतं? पण स्वयंपाकघरात पोरं नव्हती, आणि सरांनी स्वतःला प्रश्न विचारायची सवय नव्हती.

शहाण्णव सालच्या थंडीत मधल्या घरात विलास आणि नीलिमा राहायला आले. पुण्याचे. विलास एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, कंपनीची बस त्याला भल्या सकाळी व्हाइटफील्डकडे घेऊन जाई, जिथे त्या वेळी इमारतींपेक्षा नारळ जास्त होते. विलासच्या मामांचा आप्पाजींशी साड्यांचा जुना व्यवहार, म्हणून घर मिळालं. नाहीतर नव्या माणसाला बंगळुरात घर मिळणं म्हणजे दहा महिन्यांचं भाडं आगाऊ ठेवणं, आणि तेवढं त्या दोघांकडे नव्हतं. सोबत सहा महिन्यांची सिद्धी. गॅसची जोडणी पुण्याहून बदलून यायची होती, ती येत होती येत होती आणि येत नव्हती. तेव्हा स्वयंपाक रॉकेलच्या स्टोव्हवर आणि सिद्धीच्या आंघोळीचं पाणी बादलीत रॉड सोडून.

रॉड आला आणि पंधरवड्यात फ्यूज उडायला लागला. नेमका सकाळी साडेसहाच्या सुमाराला, सगळ्यांची घाई असताना. अंगणात अंधार, आकाशवाणी गप्प, आणि आप्पाजी लुंगी सावरत दिंडीशी स्टुलावर चढून नवी तार बांधताहेत, हे रोजचं चित्र झालं. त्यांच्याकडची तार तशी बारीकच, अकरा-बारा अँपिअरच्या पुढे जीव सोडायची. जाड तार लावा असं कुणी म्हटलं की ते म्हणत, जाड तार लावली तर फ्यूजऐवजी वठार जळेल. यात त्यांचं बरोबर होतं.

आप्पाजींचा नियम जुना होता आणि प्रत्येक भाडेकऱ्याला घर देताना ते तो ऐकवत. एका घराला एक मोठी वस्तू, आणि ती हजार वॅटच्या वर नको. नियम मोडला तर घर खाली.

आता दोष कुणाचा, हे ठरवायला कुणाला वेळ लागला नाही. समोरच्या घरात शिलाई करणारी ठकुबाई म्हणाली की यांच्या येण्याआधी कधी असं झालं नव्हतं. ते खरंच होतं. मेष्ट्रूंनी तर नळावर पाणी भरताना, नीलिमा कळशी घेऊन उभी असताना, सगळ्यांदेखत सांगितलं की रॉड पुण्याचा असला म्हणून त्याला नियम लागू होत नाहीत असं नाही. बोलणं त्यांना फार चटपटीत वाटलं. नीलिमाचे डोळे भरले आणि ती कळशी अर्धी भरलेलीच घेऊन आत गेली, हे त्यांनी पाहिलं, पण शास्त्राच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसाला एवढंतेवढं बघून सोडावं लागतं.

नीलिमाने रॉड बंद केला. पाणी स्टोव्हवर तापवायला लागली. फ्यूज उडायचा थांबला. वठाराला आणखी पुरावा कशाला हवा होता? पण बंद खोलीत रॉकेलच्या धुराने सिद्धीला खोकला धरला. एके सकाळी नीलिमाने निमूटपणे रॉड पुन्हा बादलीत सोडला, आणि दहा मिनिटांत अंगण अंधारात बुडालं.

त्या दिवशी आप्पाजींनी विलासला बोलावून सांगितलं की महिनाअखेर घर बघा. विलास शांत माणूस, पण त्या दिवशी अडून बसला. आमच्या रॉडवर हजार वॅट लिहिलंय, म्हणाला, जास्त घेतो हे कुणी मोजलंय? आप्पाजी मेष्ट्रूंकडे बघायला लागले.

मेष्ट्रू हा क्षण आयुष्यभर वाट बघत असल्यासारखे पुढे आले. येत्या रविवारी मी मोजतो, म्हणाले. सगळ्या घरांचं मोजतो, म्हणजे कुणाला वाटायला नको. जो हजाराच्या वर निघेल त्याची वस्तू त्याच दिवशी बाहेर. आप्पाजी म्हणाले, "सरी, ठीक आहे. वस्तू बाहेर, आणि घरही खाली." मेष्ट्रूंनी मान डोलावली. भाग्यलक्ष्मी दारात उभी होती. ती वळून स्वयंपाकघरात गेली.

रविवार यायला चार दिवस होते. या चार दिवसांत नीलिमाने रोज सकाळी रॉड लावला, कारण सिद्धीचा खोकला थांबायला हवा होता आणि घर जायचंच असेल तर घाबरून काय करायचं. आणि गंमत म्हणजे फ्यूज एकदाही उडाला नाही. मेष्ट्रूंनी याचा अर्थ असा लावला की पुणेकर भ्याले आहेत आणि रॉड चोरून थोडा थोडा वेळ लावताहेत. त्यांच्या स्वतःच्या घरात या चार दिवसांत सकाळची कॉफी गॅसवर होत होती, हे त्यांना समजलं नाही. कॉफी समोर आली की ते पीत. ती कुठून येते हा त्यांचा विषय नव्हता.

रविवारी सकाळी मेष्ट्रू न्हाऊन, गंध लावून बाहेर पडले. हातात कॉलेजातून परवानगीने आणलेले दोन मीटर, लाकडी फळीवर बसवलेले. एका बाजूला भिंतीत खोचायची पिन, दुसऱ्या बाजूला वस्तूची पिन लावायची जागा, मध्ये रांगेत अँमीटर, आडवा व्होल्टमीटर. खिशात खडू. आकडे ते कागदावर लिहीत नसत, प्रयोगशाळेत टेबलावर लिहीत आणि इथे त्यांनी ज्याच्या त्याच्या दारावर लिहायचं ठरवलं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मागून आप्पाजी, आणि आप्पाजींच्या मागून उरलेलं सगळं वठार. रांगोळ्यांवर पाय पडू नये म्हणून लोक उड्या मारत चालले होते.

पहिलं घर ठकुबाईचं. तिची इस्त्री लावली. व्होल्टमीटरचा काटा दोनशे दहावर, कारण त्या काळात चिकपेटेत सकाळी पुरे दोनशे तीस व्होल्ट येणं म्हणजे नशीबच. अँमीटर साडेतीन. मेष्ट्रूंनी दारावर लिहिलं, भागाकार साठ ओहम, गुणाकार सातशे पस्तीस वॅट. ठकुबाईला तिची इस्त्री पास झाल्याचा एवढा आनंद झाला की ती आकडे पुसू नका म्हणून सगळ्यांना बजावत राहिली.

मग आणखी दोन घरं. कुठे मिक्सर, कुठे जुना टीव्ही. सगळं हजाराच्या पुष्कळ खाली. मेष्ट्रू प्रत्येक दाराशी थांबून थोडं समजावून सांगत. रोध म्हणजे वस्तूची तार विजेला किती अडवते ते. अडवणं जास्त तर करंट कमी, अडवणं कमी तर करंट जास्त. इतक्या वर्षांत या विषयावर इतकी लक्षपूर्वक ऐकणारी मंडळी त्यांना मिळाली नव्हती.

मग मधलं घर. नीलिमा सिद्धीला कडेवर घेऊन बाजूला उभी राहिली. विलासने रॉड बादलीत सोडला. मेष्ट्रूंनी पिन लावली आणि बटण दाबलं. सगळे पुढे वाकले.

काटा चारवर थांबला.

मेष्ट्रूंनी काचेवर बोटाने टिचकी मारली. काटा थरथरला आणि पुन्हा चारवर आला. त्यांनी पिन काढली, लावली, बटण बंद केलं, चालू केलं. चारच. मग त्यांनी दारावर लिहिलं. दोनशे दहा भागिले चार, साडेबावन्न ओहम. दोनशे दहा गुणिले चार, आठशे चाळीस वॅट. हजार वॅटचा रॉड असावा तसा होता, व्होल्टेज कमी म्हणून थोडा कमीच घेत होता. विलासने रॉड बादलीतून काढला. नीलिमाने सिद्धीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

आता उरलं होतं फक्त कोपऱ्यातलं घर. आप्पाजी म्हणाले, तुमचं काय मोजायचं मेष्ट्रे, तुमच्याकडे नियम मोडणार कोण? भाग्यलक्ष्मी दारातच होती. ती घाईने म्हणाली की राहू द्या, गूळ-खोबरं वाटायचंय, स्वयंपाकघरात पसारा आहे. पण मेष्ट्रूंचा पारा थोडा चढलेला होता. शास्त्राला पसाऱ्याशी काय करायचंय, असं म्हणून ते आत गेले, शेगडी उचलून बाहेर आणली आणि पिन लावली.

अँमीटरचा काटा चार ओलांडून पाचवर गेला, सहावर गेला, आणि सातवर उभा राहिला.

मेष्ट्रूंना आधी वाटलं मीटर बिघडला. पण आताच तो चार घरांत नीट चालला होता. मग त्यांनी शेगडीकडे पाहिलं. तबकडी लाल होऊन निखाऱ्यासारखी झाली होती आणि त्या लाल रंगात गाठी दिसत होत्या. एक, दोन, चार, कितीतरी. प्रत्येक गाठ त्यांच्याच पकडीची. प्रत्येक गाठीमागे कापून फेकलेला एक तुकडा. तार आखूड तर रोध कमी, हे ते दर जूनमध्ये पहिल्याच तासाला सांगत. सांगून झाल्यावर पोरांना विचारत की तार निम्मी केली तर करंट किती? उत्तर चुकलं की टेबलावर डस्टर आपटत.

काटा एका बारीक काचेमागे होता आणि तो सात दाखवतोय की चार, हे फळी त्यांच्याकडे वळलेली असल्यामुळे त्यांच्याशिवाय कुणाला दिसत नव्हतं. आप्पाजी लांबून बघत होते आणि त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मेष्ट्रूंच्या मनात तो विचार आला. येऊन तिथेच क्षणभर बसला, आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. सिद्धी खोकली. मेष्ट्रू वळले आणि स्वतःच्या दारावर, भाग्यलक्ष्मीने सणाला लावलेल्या हळदीच्या बोटांच्या खाली, मोठ्या अक्षरांत लिहायला लागले. दोनशे दहा भागिले सात, तीस ओहम. दोनशे दहा गुणिले सात, चौदाशे सत्तर वॅट.

"आप्पाजी," ते म्हणाले, "हजाराच्या वर एकच घर आहे. माझं."

कुणालाच काही कळेना. मग त्यांनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, पोरांना सांगत तसं. त्यांच्या शेगडीत मुळात त्रेपन्न ओहमची कॉइल होती, ती तोडत जोडत त्यांनी तीसची करून ठेवली. जितकी आखूड तितकी लाल, जितकी लाल तितकी लवकर तुटणार, आणि तुटली की आणखी आखूड. ती एकटी असताना फ्यूज निभावून नेत होता. नीलिमाचा रॉड आला, त्याने आपल्या हक्काचे चार अँपिअर मागितले, आणि घराघरांतले दिवे धरून तेवढी जागा शिल्लक नव्हती, कारण तीन अँपिअर मेष्ट्रूंची शेगडी जास्तीचे खात होती. खाणारी शेगडी, आणि शिव्या रॉडला.

मग ते नीलिमापुढे जाऊन उभे राहिले. हातातला खडू कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

"मी नळावर तुला जे बोललो ते चुकलं," ते म्हणाले. "मोजायच्या आधी बोललो."

नीलिमा म्हणाली, "काका, तुम्ही मोजलं नसतं तर आम्ही गेलोच होतो." आणि तिने एवढं सरळ हसून म्हटलं की मेष्ट्रूंना आणखीच लाजल्यासारखं झालं.

राहिला प्रश्न नियमाचा. वस्तू बाहेर आणि घरही खाली, असं ठरलं होतं, आणि मेष्ट्रू आपण होऊन म्हणाले की महिनाअखेर बघतो दुसरीकडे. आप्पाजींनी डोकं खाजवलं. त्यांचा रोध फार असे हे आधी सांगितलंच आहे, पण त्या दिवशी तो त्यांनी कामी लावला. घर खाली करायचं म्हणजे पुन्हा भिंतीला पांढरी माती लावायला हवी, म्हणाले, आणि ते मला यंदा जमायचं नाही. शेगडी तेवढी बाहेर काढा, मेष्ट्रे. ठकुबाईने पदरात तोंड लपवून हसून घेतलं आणि वठार पांगलं.

शेगडी थंड झाल्यावर मेष्ट्रू घरात आले. भाग्यलक्ष्मी पाटावर बसून खरंच खोबरं वाटत होती. तिने "राहू द्या" का म्हटलं, आणि गेले चार दिवस फ्यूज का उडाला नाही, हे दोन आकडे त्यांच्या डोक्यात आता जवळ जवळ येत होते.

तुला माहीत होतं, ते म्हणाले.

तिने नाही म्हटलं नाही. नीलिमाने रॉड बंद करायच्या आधी एकदा कॉइल तुटून एक दिवस शेगडी बंद होती, तेव्हा रॉड चालू असूनही फ्यूज उडाला नाही, तेव्हा तिच्या लक्षात आलं. म्हणून तर आप्पाजींनी विलासला घर सोडायला सांगितलं त्या दिवसापासून तिने शेगडीला हात लावला नव्हता. वाटलं होतं, रॉड निर्दोष निघाला की विषय आपोआप मिटेल.

"मग मला का सांगितलं नाहीस? आपण नवी कॉइल आणली असती."

भाग्यलक्ष्मी वाटायची थांबली.

"नवी आणली असती तर ती तुटली नसती," ती म्हणाली.

मेष्ट्रूंना आधी हे कळलं नाही. नवी कॉइल तुटत नाही, यात वाईट काय? मग त्यांना कळलं. पाट, पक्कड, तो तासभर, शेंगा सोलणारे हात. गुरुवारी आमटीचं पळं धरून उभी राहणारी मुलगी गेली कित्येक वर्षं ठिणगी कधी उडते याची वाट बघत बसली होती, आणि आपण फक्त तारेला गाठी मारत होतो. त्यांना फार वाईट वाटलं. ते चपला घालून बाहेर पडले.

रविवार असल्यामुळे एस. पी. रोडवरची विजेच्या सामानाची बरीच दुकानं बंद होती. एक अर्धं शटर वर असलेलं दुकान मिळालं. हजार वॅटची कॉइल घेऊन ते परत आले, पक्कड काढली, जुनी कॉइल उपसली आणि नवी खोबणीत बसवली. एकही गाठ नाही. काम दहा मिनिटांत झालं. मीटर लावून पाहिला तर काटा शहाण्यासारखा चारवर. दारावरचा सातचा आकडा त्यांनी पुसला नाही. तो पुढे पाडव्यापर्यंत तिथे होता आणि येणारा जाणारा त्याबद्दल विचारत असे.

भाग्यलक्ष्मीने त्या शेगडीवर कॉफीचं पाणी ठेवलं. पूर्वी ते डबा उघडेपर्यंत उकळायचं. आता ते नुसतं बसून होतं, तळाशी एखादा बुडबुडा. ही किती वर्षं टिकेल, तिने विचारलं. पाच तरी, मेष्ट्रू म्हणाले, आणि तिने मान खाली घालून खोबरं पुढे ओढलं.

पक्कड जागच्या जागी ठेवून झाली होती. पेपर बाहेर खुर्चीवर होता. मेष्ट्रू दाराकडे वळले, थांबले, आणि परत येऊन तिच्यासमोर पाटावर बसले. हातात काही नव्हतं, तेव्हा त्यांनी सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि एक सोलली.

"परवा प्रॅक्टिकलला एका पोराने काय केलं, ऐक," ते म्हणाले.

गोष्ट लांबलचक होती, आणि मध्ये प्राचार्यही येऊन गेले. पण नव्या शेगडीवर पाण्याला वेळ लागत होता, त्यामुळे ती पुरी झाली, आणि पाणी उकळायच्या आधी दुसरीलाही सुरुवात झाली.